चौथा पाय

१ जानेवारी १९६८, सोमवार

अर्जुनानं पलटणीतून एक पातळ डायरी पाठवली. सोबत पत्र. आई, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर साक्षरता मोहिमेच्या वर्गात शिकलेलं विसरून जाशील. मी कशाला विसरते? रहिमतपुरात आमच्या आळीत वर्ग भरायचा तेव्हा बायांत सगळ्यात आधी मी वाचायला लागले. तपासणीला आलेल्या साहेबानं माझ्याकडून तोच धडा दोनदा वाचून घेतला. दुसऱ्या कुणाकडून दोनदा घेतला नाही.

पत्रातलं खरं काम वेगळंच. शालननं यंदा बाहेरून मॅट्रिकला बसायचं. शालन म्हणजे त्याची बायको, माझी सून, सांगलीची. पास झाली तर साताऱ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घेतील. शेवटी लिहिलंय, आई, हे तुझ्यावर सोपवलं.

योग्य माणसावर सोपवलं.

बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभी राहून ठरवलं. शालनवर आवाज चढवायचा नाही. ती अभ्यासाला बसली की हाक मारायची नाही. तिच्या कामात नाक खुपसायचं नाही.

संध्याकाळी एक हाक मारली. पण भाकरी करपत होती. ती हाक धरायची नाही.

७ जानेवारी, रविवार

शालनचा बाप आला. राजाराम. विश्रामबागेत एका कॉलेजात शिपाई आहे. कॉलेजनं जुनं सामान काढलं त्यातलं एक टेबल पोरीच्या अभ्यासासाठी घेतलं. सांगलीहून रेल्वेनं आणलं, स्टेशनापासून बैलगाडीनं. आळीतली सगळी माणसं बघायला. आमच्या आळीत हे पहिलं टेबल. मी सगळ्यांना बाजूला सारून मधल्या घरात जागा दाखवली. खिडकीखालचा कोपरा.

ठेवलं. डुगलं.

मी म्हणाले, पाव्हणं, टाकून दिलेला माल असाच असायचा, एक पाय आखूड असणार. ते म्हणाले, इनबाई, कॉलेजात ह्याच्यावर काचंच्या नळ्या उभ्या असायच्या, एक कवा पडली न्हाई. भुईचं बघा जरा.

भुईचं. माझ्या.

गेल्या महिन्यात भूकंप झाला तेव्हा मधल्या घराची भुई खचली होती. मी एकटीनं मुरूम आणून टाकला, धुमसानं चोपली, वरून शेणानं सारवली. आरशासारखी. बाया बघून गेल्या. आणि हा माणूस दारातून आत येतो आणि म्हणतो भुईचं बघा.

मी म्हणाले, आमच्या भुईला नाव ठेवू नका, तुमच्याकडनं आलेलं सगळंच डुगतंय, पोरगीबी तसलीच.

हे जरा जास्त झालं. पण माणसानं तोंडावर बोलावं. मागं बोलणाऱ्यातली मी नाही. ते हसले. जेवायला बसले तेव्हा दुसरी भाकरी घेतली नाही. प्रवासानं भूक मेली असेल.

८ जानेवारी

प्रवासानंच. नक्की.

११ जानेवारी

भामाबाई शेजारची. तिला सांगितलं की व्याह्यानं लंगडं टेबल दिलं. तिनं पुढं पाच घरी सांगितलं. मी एकीलाच सांगितलं होतं.

पायाखाली कौलाचा तुकडा घातला. बसलं. म्हटलं झालं काम. दुपारी शालन लिहायला बसली, थोड्या वेळानं परत डुगू डुगू. तुकडा भुईत रुतला होता. जाड तुकडा घातला तर दुसरा पाय वर आला. मग झाडताना तोही कुठं गेला. आता हे तुकडे रोज हुडकायचे म्हणजे सुनेचा अभ्यास की माझी परीक्षा.

१६ जानेवारी

आल्याच्या रानात खुरपणीला गेले होते. घरी आले तर टेबल जागेवर नाही. शालननं ओढून दाराकडं नेलेलं. म्हणाली, आत्याबाई, हितं बगा, जरासुदिक हालत न्हाई.

हात लावून बघितला. नव्हतं हलत.

म्हणजे काय झालं? माझी भुई इथं सरळ आणि तिथं वाकडी? उद्या बाप आला की हेच दाखवणार. शिवाय दारात टेबल म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या मांडीला कोपरा. मी ओढून परत खिडकीखाली नेलं. शालन वह्या उचलून मागोमाग आली. ती बोलत नाही हीच तिची खोड. भांडली असती तर मी ऐकलं असतं.

उजेड खिडकीखालीच चांगला आहे. मी तिच्याच भल्याचं बघते.

२४ जानेवारी

दौत कलंडली. शालननं दोन दिवस बसून काढलेला नकाशा निळा झाला, कृष्णा नदी सगळ्या महाराष्ट्रावर पसरली. मी म्हणाले, दौत मध्ये ठेवायची. म्हणाली, मध्येच हुती.

भामाबाई फडकं घेऊन आली, पुसू लागली. मग म्हणाली, बने, तुज्या भुईवर मांजर सुदिक तिरकं चालतंय.

तिच्याशी बोलणं बंद.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक मोठी गोष्ट कळली. लिहून ठेवते.

शालन मोठ्यानं पाठ करत होती. भूमितीचं पुस्तक, शेवटचा भाग. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. पन्नास वेळा तेच. मी चुलीपाशी होते, म्हणाले, पोरी, प्रतल म्हणजे काय ते तरी सांग, मला झोपेत ऐकू यायला लागलंय. म्हणाली, सपाट भुई समजा आत्याबाई, चारी बाजूनं पसरल्याली, कडा नसल्याली. मी म्हणाले, कडा नसलेली भुई असती कुणाची, सरकारची? ती हसली. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर हसली असेल.

मग उठून आली. ताट घेतलं, माझी तीन बोटं वर करायला लावली, त्यावर ठेवलं. म्हणाली, हललं का? बोटं खालीवर करा. केली. ताट तिरकं झालं पण डुगलं नाही, तिन्ही बोटांवर गप बसलं. म्हणाली, आता चौथं बोट लावा. लावलं. तर एक कुठलं तरी बोट सुटतंच. तिघांनी मिळून भुई ठरवलेली असती, म्हणाली, चौथा त्याच भुईत आला तर आला, न्हाईतर डुगडुग. तुमची चूल बगा की. तीन दगड. कवा डुगली का?

चूल बघितली. जन्म गेला हिच्यापुढं. कधी डुगली नाही. वाकड्यातिकड्या भुईवर मांडली, रानात मांडली, भर पावसात मांडली. तीन दगड. पाण्याची तिवई, तीन पाय. चौथं बोट नुसतं उभं राहतं, पंचायतीतल्या मेंबरासारखं.

ती पुढंही सांगत होती. तीन बिंदू एका रेषेत नसावेत, आणि वजनाचं काहीतरी. तेवढ्यात दूध उतू चाललं. पण मुद्दा मला कळला होता.

१० फेब्रुवारी

रानात खुरपता खुरपता तेच डोक्यात. चार पाय कशाला असतात? गाढवाला आणि साहेबाच्या खुर्चीला. गाढव तरी एक पाय उचलून उभं राहतं.

१९ फेब्रुवारी

अर्जुनाला पत्र लिहिलं. शालनचा अभ्यास जोरात. टेबलाची थोडी तक्रार आहे, मी मिटवते. काळजी नसावी.

शालनबद्दल माझी काही तक्रार नाही असं त्यानं त्यातून वाचलं तर वाचू दे.

२६ फेब्रुवारी, सोमवार

परीक्षा १२ मार्चला सुरू. सेंटर कोरेगाव. शालन उद्या तिकडं जाणार, परीक्षेचं कार्ड आणायला. रात्री तिथं तिच्या मावशीकडं राहून परवा येईल. बरं झालं. ती घरात असली की मला मोकळेपणानं काम करता येत नाही.

पेठेतल्या सिकंदर मिस्त्रीकडं गेले, करवत मागितली. विचारलं, काय कापताय काकी? म्हणाले, बाभळीची फांदी. म्हणाला, मी पोराला पाठवतो की. म्हणाले, माझे हात मोडलेत काय.

हे खोटं बोलले ते वाईट. पण खरं सांगितलं असतं तर शंभर प्रश्न विचारले असते. सुतार लोकांना सगळ्याला चार पाय लागतात.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी. शालनला एसटीत बसवलं. कुठला पाय काढायचा ते दाबून दाबून बघितलं. पुढचा उजवा. तोच वर उठतो. गुन्हेगार तोच.

दुपारी. साग फार कडक. अर्धा झाला. हाताला फोड.

संध्याकाळी. पाय वेगळा झाला. टेबल सरळ केलं, पुस्तकांचा गठ्ठा मागच्या बाजूला ठेवला. उभं राहिलं. दाबलं. हललं नाही. मागून दाबलं, डावीकडून दाबलं. दगडासारखं. जिथं एवढे दिवस नाचत होतं त्याच कोपऱ्यात, त्याच भुईवर. म्हणजे भुई बरोबर होती. पाय एक जादा होता.

आतापर्यंत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मोहिमेत शिकलेल्या बाईच्या आलं. शालनचं तोंड बघायचंय.

२८ फेब्रुवारी, बुधवार

लिहायचं मन नाही. पण लिहिते.

शालन दुपारच्या एसटीनं आली. टेबलाकडं बघत उभी राहिली. मला वाटलं आनंदानं. मग म्हणाली, आत्याबाई, पाय कुठाय? मी म्हणाले, पाय गेला, आता डुगायचं नाव नाही, तूच शिकवलंस, तिघांची भुई. ती हळू आवाजात म्हणाली, वजन तीन पायांच्या आत पडाया लागतं, आत्याबाई. तुमाला सांगितलं हुतं. मी म्हणाले, कधी? म्हणाली, दूध उतू गेलं तवा.

म्हणाली, मी भुईवर बसून अभ्यास करते, आबांना सांगून नवा पाय बसवू. आबा म्हणजे बाप. म्हणजे बापाला सांगणार. मी म्हणाले, माणूस दिवसभर राबलंय, हाताला फोड आलेत, आधी बसून तर बघ. म्हणाली, नको. मी म्हणाले, बस.

दिवेलागण झाली होती. कंदील ठेवला. ती बसली. लिहायला उजवं कोपर टेकलं.

त्या बाजूला पाय नव्हता.

टेबल तिच्या अंगावर आलं. कंदील घसरला तो तिनं पुस्तकांवर पडू नये म्हणून हातानं अडवला आणि टेबलाची कड त्याच मनगटावर बसली. कंदील विझला. रॉकेल भूमितीच्या पुस्तकावर.

उजवं मनगट. ती ओरडली नाही. मी ओरडले.

२९ फेब्रुवारी

ही तारीख चार वर्षांनी एकदा येते म्हणे. यंदा आली नसती तरी चाललं असतं.

डॉक्टरकडं नेलं. हाड मोडलं नाही. मुरगळलंय, सूज आठवडाभर तरी उतरायची नाही. डॉक्टरनं विचारलं, काय झालं? मी तोंड उघडलं. शालन म्हणाली, आडावर पाय घसरला.

मी तोंड मिटलं. डॉक्टर घाईत होता. मागं एवढी माणसं ताटकळत, त्यात टेबलाची गोष्ट कुठं सांगत बसायची.

येताना करवत परत दिली. सिकंदरनं दात्यांवरून बोट फिरवलं, नाकाला लावलं. म्हणाला, काकी, तुमच्यातल्या बाभळीला सागाचा वास येतो व्हय? मी म्हणाले, आमची बाभळ, तुला काय करायचंय.

१ मार्च

भूमितीची पानं दोरीवर वाळत घातली. घरभर रॉकेलाचा वास. जेवतानाही वास. अक्षरं गेली नाहीत, हे चांगलं झालं. कुणी विचारलंच तर सांगायला काहीतरी चांगलं आहे.

टेबलाच्या त्या कोपऱ्याखाली पालथी बादली, वर दगडी खलबत्ता. उभं आहे. डुगतं.

भामाबाई आली. बोलणं बंद आहे हे ती विसरते. टेबलाच्या पायाचं विचारलं. म्हणाले, वाळवी लागली. म्हणाली, रातीत? म्हणाले, रातीत.

पाय सरपणात लपवला होता. शालन लाकडं घ्यायला गेली तर सापडेल म्हणून चुलीत घातला. साग लवकर पेटत नाही. धूर फार करतो. डोळ्यांना पाणी आलं, ते धुरानं. तिन्ही दगडांच्या मध्ये तो पाय तासभर नुसता काळा होत पडला होता, माझ्याकडं बघत. शेवटी फुंकणीनं फुंकून फुंकून जाळला.

५ मार्च

शालन डाव्या हातानं लिहून बघते. अक्षर माझ्यासारखं येतं.

आता सगळी कामं मी करते. पाणी, भाकरी, भांडी, झाडलोट. तिला उठू देत नाही. हळद-तेल गरम करून मनगट शेकते. भामाबाई म्हणाली, सून असावी तर अशी आणि सासू असावी तर बने तुज्यासारखी. हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

शालननं अर्जुनाला पत्र लिहिलं, माझ्याकडून पत्ता घालून घेतला. उघडंच होतं, म्हणून वाचलं. आडावर पाय घसरला, आता बरी आहे, आत्याबाई फार करतात.

फार करतात. हे खरं आहे.

१२ मार्च, मंगळवार

तिच्यासोबत कोरेगावला. आता पेपर संपेपर्यंत मावशीकडं मुक्काम. शाळेच्या बाहेर लिंबाखाली बसून राहिले. बाकीच्या आयाही होत्या. एकीनं विचारलं, मुलगी का? म्हणाले, सून. ती म्हणाली, सुनेसाठी येवढ्या लांब आलात, पुण्यवान हाय पोरगी.

उठून दुसऱ्या झाडाखाली जाऊन बसले. तिथं सावली नव्हती.

१६ मार्च, शनिवार

आज भूमिती, शेवटचा पेपर. घंटा झाली, पोरं बाहेर आली, सगळ्यात शेवटी शालन. हात दुसऱ्या हातानं धरलेला. म्हणाली, सगळं येत हुतं, आत्याबाई. मागचं दोन प्रश्न ऱ्हायलं. हात चालंना.

मी विचारलं, तो आला होता का, तीन बिंदूंचा? म्हणाली, न्हाई. तो आलाच न्हाई.

एसटीत मी भजी घेऊन दिली. ती एका हातानं खात होती. मला म्हणाली, तुमी खावा की. मी नाही खाल्ली. तेल कडवट होतं.

२१ एप्रिल, रविवार

राजाराम आला.

मी आधीच दारात जाऊन सांगितलं, पाव्हणं, तुमच्या टेबलाला वाळवी होती. त्यांनी बादली आणि खलबत्ता बाजूला काढला, टेबल आडवं केलं. जिथं पाय कापला तिथं हात फिरवला. म्हणाले, तुमच्यातली वाळवी लय सरळ खाती, इनबाई.

मग पोरीचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, मनगट वाकवून बघितलं. मी चुलीपाशी कांदा कापत होते, बोट कापलं.

जेवताना दोन भाकऱ्या खाल्ल्या. म्हणाले, कोरड्यास झ्याक झालंय. पहिल्या वेळी एकच खाल्ली होती ते बरं होतं.

जाताना म्हणाले, पाय गेल्याचं पोरीनं कळवलं हुतं, येता येता पेठेत सिकंदर मिस्त्रीला नवीन पाय सांगून आलोय. दोन हप्त्यांत बसवून जाईल.

सिकंदरला. म्हणजे बाभळीचं कळलं. म्हणजे दारात मी वाळवी म्हणाले तेव्हाच त्यांना ठाऊक होतं. आणि तरी दोन भाकऱ्या.

५ मे

सिकंदरनं पाय बसवला. बाकीच्या तिन्हीला सूत लावून मोजला, अगदी बरोबर. अंगणातल्या धुण्याच्या फरशीवर ठेवून दाखवलं. गप उभं.

मग मधल्या घरात खिडकीखाली ठेवलं. डुगलं.

सिकंदर माझ्याकडं बघेना, आढ्याकडं बघायला लागला. शालन बाहेर अंगण झाडायला गेली, सकाळीच झाडलेलं. मी म्हणाले, नव्या लाकडाला बसायला वेळ लागतो. सिकंदर म्हणाला, व्हय काकी, लागतो.

१२ मे, रविवार

बुद्धपौर्णिमा. सगळं घर सारवायला काढलं. टेबल बाहेर. शेणकाला कालवला, खिडकीखाली ओतला. नेहमीसारखा पळत पळत एका जागी जाऊन साचला. तिथून मी नेहमी हातानं मागं ओढते. आजही ओढायला हात घातला.

आणि तशीच बसले.

इतके दिवस मला वाटायचं शेण पातळ होतंय.

ज्या जागी साचलं तिथं बोट घातलं. अर्धं पेर बुडालं. ती पुढच्या उजव्या पायाची जागा.

अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले, वंदनेला गेले. आज सगळे म्हणत होते तेव्हा मी नुसते ओठ हलवले. खोटं बोलणार नाही म्हणायची ओळ आली तेव्हा तेही थांबवले. भामाबाईनं कोपरखळी मारली. म्हणाले, घसा धरलाय.

१० जून, सोमवार

रिझल्ट.

शालन सगळ्या विषयांत पास. गणितात नापास. थोडक्यात. ते दोन प्रश्न. ऑक्टोबरला परत. ट्रेनिंगचे फॉर्म मात्र ह्याच महिन्यात, म्हणजे यंदाचं गेलं.

ती रडली नाही. पाण्याला गेली.

आळीतल्या बाया आल्या. भामाबाई म्हणाली, गणिताला डोकं लागतं गं, सगळ्यांच्या नशिबी नसतं. मी एकदम म्हणाले, डोक्याला काय झालंय तिच्या? तुझ्या सात पिढ्यांत नसेल असलं डोकं आहे तिला. हात दुखत होता, हात. भामाबाई म्हणाली, व्हय की, आडावर घसरली न्हवं का ती.

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. शालन घागर घेऊन दारात उभी. बाबासाहेबांचा फोटोही समोरच.

म्हणाले, व्हय. आडावर.

शालननं घागर उतरवली.

११ जून

कामाला गेले नाही. पहार घेतली आणि मधल्या घराची भुई उकरली. सगळी. शालन म्हणाली, आत्याबाई, सगळी कशाला, तेवढाच कोपरा करा. म्हणाले, नाही, सगळी. मग तीही पाटी घेऊन मुरूम वाहू लागली. मी म्हणाले, तुझा हात. म्हणाली, हात बरा झालाय कवाच.

चोपता चोपता मी म्हणाले, शालन, काल बायांसमोर मी... आणि परत चोपायला लागले. ती म्हणाली, पाणी मारू का हितं? म्हणाले, मार.

१६ जून, रविवार

भुई वाळली. सारवली. पाणी ओतून बघितलं. पळालं नाही. जागच्या जागी उभं राहिलं. बराच वेळ बघत होते.

टेबल आत आणलं. खिडकीखाली ठेवलं. मी म्हणाले, बघ आता.

डुगलं. अगदी थोडं. पण डुगलं.

आम्ही दोघी बघत राहिलो. पहिल्यांदा शालन हसली. मग मलाही आवरेना. टेबलावर हात ठेवून हसतोय तर ते आणखीच डुगायला लागलं. मी म्हणाले, जाऊ दे, दाराकडं ने. मांडीला लागलं तर लागू दे. ती म्हणाली, न्हाई, उजेड खिडकीखालीच चांगला हाय. तुमीच म्हणाला हुता.

मग खाली वाकून तिनं त्या पायाखालची फट बोटानं मापली. उठून घरभर बघितलं. फडताळावर नजर थांबली. डायरी काढली, पायाखाली सरकवली. दाबलं. हललं नाही. चारी कोपरे दाबले. नाही. म्हणाली, जाडी बरोबर बसली बगा, आत्याबाई.

मी म्हणाले, अगं त्यात माझं लिहिलेलं आहे. म्हणाली, मी न्हाई वाचणार.

वाचलीस तरी चालेल, असं म्हणणार होते. ओठांवर होतं. म्हणाले, पानं फाटू देऊ नकोस.

एवढं लिहायला आत्ता काढून घेतली. अर्जुनाला पत्र घालायचंय. टेबलाला चार पाय आहेत, शालन ऑक्टोबरला बसते, आडावर घसरल्याचं खरं नाही, असं. शेवटचं कसं लिहायचं ते बघते.

तिला अभ्यासाला बसायचंय. मघापासून टेबलाचा पाय धरून थांबली आहे, आत्याबाई द्या की म्हणते.

देते.